टाकीला विरजण

जत्रेच्या दिवशी भोकरवाडीत एकही माणूस नाक मोकळं सोडून हिंडत नव्हता. बायकांनी नाकाला पदर लावले होते, पाहुण्यांनी रुमाल लावले होते, आणि सरपंच रोहनकाकांनी तर मानाच्या फेट्याचा शेमला पुढे ओढून त्यातच तोंड खुपसलं होतं. वास तरी कसला! सडक्या अंड्यांची पाटी कुणी गावावर उपडी करावी, तसला. भेळवाल्याने गाडी आल्या पावली परत फिरवली. आता जत्रेतून भेळवालाच परत गेला म्हणजे मागे काय उरलं, तुम्हीच सांगा.

आणि कोडं असं, की इतकं स्वच्छ गाव भोकरवाडीने आजवर पाहिलंच नव्हतं. जत्रेआधी घरं धुवायची चाल तिथे पूर्वापार. त्यात यंदा ग्रामपंचायतीने 'लखलख गल्ली' अशी स्पर्धा लावली. मग काय विचारता! अंगणं धुतली, गोठे धुतले, गटारं घासली. एका बहाद्दराने बैलाच्या गळ्यातली घंटासुद्धा चिंच लावून चकचकीत केली. जमिनीवर सांडलेली साखर उचलून तोंडात टाकावी, असं गाव झालं. मग हा वास येत होता कुठून?

वास येत होता गावाच्या खालच्या अंगाच्या तळ्यातून. आणि त्या तळ्याची राखण करत होता गडू.

गडू हा यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र). पोट पाण्याच्या गडूसारखं गोल, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं. कागदोपत्री त्याचं नाव म्हणजे एक लांबलचक आकडा होता, पण तो सरपंचांनाही पाठ नव्हता. दोन लांब हात, खाली तीन चाकं आणि छातीवर एक भिंग. गावाचं सांडपाणी (मोरीचं, संडासाचं, धुण्याभांड्यांचं वापरून झालेलं पाणी) साफ करायच्या टाक्या त्याच्या ताब्यात होत्या. साफ झालेलं पाणी तळ्यात यायचं आणि तिथून गावाच्या केळीच्या बागेला जायचं.

गडूची गावातली सगळ्यात जवळची मैत्रीण म्हणजे वैजू. पूर्ण नाव वैजयंता. त्या काळात जुनी नावं पुन्हा झोकात आली होती. वैजूच्या वर्गात दोन द्वारका आणि एक भागीरथी होती, आणि त्यांच्या आज्यांची नावं होती प्राजक्ता आणि श्वेता! वैजूला ना भाऊ, ना बहीण. बाबा दूरच्या कारखान्यात, महिन्यातून एकदा येणारे. शाळा सुटली की दप्तर टाकून ती टाकीवर पळायची आणि दिवसभरात घडलेलं सगळं गडूला सांगायची. "पुढे काय झालं?" असं मनापासून विचारणारं तिला दुसरं कुणी नव्हतं.

तिच्या आईला, ऋतुजाला, मात्र हे मुळीच पसंत नव्हतं. "दिवसभर घाणीत हात घालणारं ते यंत्र माझ्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही," असा तिचा दंडक होता. म्हणून गडू वैजूला घरी सोडायला आला, की पायरीशीच थांबायचा आणि तिथूनच हात हलवायचा.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तालुक्याहून देशमाने मॅडम आल्या. गावोगावच्या टाक्या तपासणं हे त्यांचं काम. त्यांनी तळं पाहिलं, पाण्याची बाटली भरून उजेडाकडे धरली आणि मान हलवली.

"सरपंच, पुढच्या सोमवारी मी परत येते. पाणी असंच राहिलं, तर टाक्यांना कुलूप लावावं लागेल. हा यंत्रमानव तालुक्याच्या गोदामात जाईल."

"आणि गावाचं सांडपाणी हो?" सरपंचांनी शेमल्याआडून विचारलं.

"पूर्वी जायचं तिकडेच. ओढ्यात."

वैजू कुंपणाशी उभी राहून ऐकत होती. गोदामात! तिथे गडूला "पुढे काय झालं?" हे कोण सांगणार?

मॅडमची गाडी वळली मात्र, ती धावत टाकीवर गेली. "गडू, तुझं काही बिघडलंय का रे? खरं सांग."

"मी स्वतःला तपासलं, वैजूताई. माझं सगळं ठीक आहे. तेच तर वाईट आहे."

"म्हणजे?"

"क्रमाने पाहू," गडू म्हणाला. कोणतीही गोष्ट सांगताना तो असंच सुरू करायचा. "गावाचं पाणी आधी पहिल्या टाकीत येतं आणि शांत उभं राहतं. ताक ठेवून दिलं की काय होतं?"

"घट्ट खाली बसतं, वर निवळ येते."

"तसंच इथे जड घाण तळाशी बसते. पण जी घाण पाण्यात विरघळली आहे, ती बसत नाही. सरबतातली साखर कधी खाली बसते का?"

"नाही. मग गाळायची!"

"साखर फडक्याने गाळून निघेल?"

वैजूने डोकं खाजवलं. "नाही बुवा. मग ती घाण काढायची कशी?"

"खाऊन," गडू शांतपणे म्हणाला.

"ई! कोण खातं?"

"तुम्ही त्यांना पाहिलं आहे. दुसऱ्या टाकीत राहतात ते."

मग वैजूच्या लक्षात आलं. गडूच्या छातीवरचं भिंग म्हणजे सूक्ष्मदर्शक (बारीकातली बारीक गोष्ट मोठी करून दाखवणारं साधन) होतं. त्यातून तिने टाकीच्या पाण्याचा एक थेंब पाहिला होता आणि आ वासून बघतच राहिली होती. एका थेंबात केवढी वर्दळ! ठिपक्यांएवढे जिवाणू (एकाच पेशीचे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव) पुंजके करून बसलेले. आणि त्यांच्या मधून एका देठावर डुलणारे घंटेच्या आकाराचे जीव! ते इकडेतिकडे भटकणारे जिवाणू खाऊन पाणी निवळ ठेवायचे. वैजूने त्यांचं नाव घंटाबाई ठेवलं होतं.

"विरघळलेली घाण हे जिवाणूंचं जेवण," गडू सांगू लागला. "पण जेवताना त्यांना श्वास घ्यावा लागतो. म्हणून मी टाकीत हवेचे बुडबुडे सोडतो. हवेतला प्राणवायू (श्वासासाठी लागणारा वायू) पाण्यात मिसळतो. तो घेत घेत जिवाणू घाण खातात, वाढतात, एकमेकांना चिकटतात आणि तिसऱ्या टाकीत गाळ होऊन खाली बसतात. वरचं स्वच्छ पाणी कर्दळीच्या मुळांमधून तळ्यात जातं. ते पिण्याजोगं नसतं, पण केळींना उत्तम."

"आणि खाली बसलेला गाळ?"

"त्यातला काही मी परत दुसऱ्या टाकीत सोडतो. उद्याच्या कामाला कामकरी नकोत का? आता हे पाहा." गडूने टाकीत प्राणवायू मोजायची कांडी बुडवली. "काय दिसतं?"

"काटा पार वर गेलाय. म्हणजे प्राणवायू भरपूर आहे. मग चांगलंच की!"

"वैजूताई, पंगत मांडली आहे. पानं वाढून झाली आहेत. पण एकही पान उष्टं झालेलं नाही. याचा अर्थ काय?"

वैजूने कांडीच्या काट्याकडे पुन्हा पाहिलं. मग हळूच म्हणाली, "जेवायला कुणी आलंच नाही."

गडूने भिंगाखाली एक थेंब ठेवला. वैजूने डोळा लावला. पुंजके विस्कटले होते. कुठेही हालचाल नव्हती. एक घंटाबाई दिसली, पण ती मिटलेली होती आणि देठ सरळ ताठ. वैजूने भिंगापासून डोळा काढला तेव्हा तो भरून आला होता.

"कुणी मारलं त्यांना?"

गडूने उलट विचारलं, "गाव कशाने धुतलं?"

"फिनेलने. ब्लीचिंग पावडरीने. आणि संडासाला ते अॅसिड..." वैजू बोलता बोलता थांबली. "ते सगळं गटारातून इथेच आलं!"

"नेहमी थोडंफार येतं. ते त्यांना सोसतं. पण या वेळी सगळ्या गल्ल्यांनी एकाच वेळी पिंपंच्या पिंपं ओतली. जंतू मारणाऱ्या औषधाला कुठे कळतं, कोण शत्रू आणि कोण आपला? ते सरसकट मारतं. मग घाण न खाल्लेलीच तळ्यात गेली. तळ्याच्या बुडाशी हवा पोचत नाही. तिथे हवेवाचून जगणारे दुसरे जिवाणू असतात. ते ती घाण कुजवतात. हा वास त्यांच्या वायूचा."

असं होतं ते कोडं. गाव लखलखीत झालं, म्हणूनच पाणी घाण झालं!

वैजू घरी निघाली ती पाय ओढतच. कारण 'लखलख गल्ली'चं पहिलं बक्षीस त्यांच्याच गल्लीला मिळालं होतं, आणि गल्लीची पुढारी होती आई.

आई दुधाला विरजण लावायच्या तयारीत होती. वैजूने तिला एका दमात सगळं सांगितलं. आईचा चेहरा लाल झाला.

"वा गं वा! कंबर मोडेस्तोवर घासलं, धुतलं, आणि आता आम्हीच गुन्हेगार? भलं करायला जावं, तर खापर आपल्याच माथी! त्या मुक्या जंतूंचं कौतुक मला नको सांगूस."

"आई," वैजू रडवेल्या आवाजात म्हणाली, "उकळत्या दुधात विरजण घातलं तर?"

"मरतं. दही लागत नाही." आई फटकन बोलून गेली. आणि तिचा चमचा हातातच राहिला.

त्या विरजणाची एक गोष्ट होती. ऋतुजा लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईने दागिन्यांच्या आधी तिच्या हातात विरजणाची वाटी दिली होती. "पोरी, एवढं मोडू देऊ नकोस," म्हणाली होती. रोजच्या दह्यातलं चमचाभर उद्यासाठी, उद्याच्यातलं परवासाठी. वैजूची आजी जाऊन काही वर्षं झाली, पण तिचं विरजण या घरात अजून चालू होतं. एकदा आईला ताप होता, तरी ती भिंतीला धरून उठली होती आणि तेवढं विरजण लावून परत पडली होती.

आईने चमचा खाली ठेवला. बाहेर आली. गडू नेहमीसारखा पायरीशी उभा होता. आजवर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"काय रे, तुझ्या टाकीतला तो गाळ... तेही विरजणच का?"

"तंतोतंत," गडू म्हणाला. "थोडा जिवंत गाळ मिळाला, तर टाकी पुन्हा लागेल."

"मी मारलं त्यांना."

"तुम्ही एकट्या नाही. आणि मुद्दाम नाही."

आईने डोळ्यांना पदर लावला. या वेळी वासासाठी नव्हे. मग एकदम कंबर खोचून म्हणाली, "विरजण मोडलं तर रडत बसत नाहीत, शेजारी मागायला जातात. तुझ्या टाकीचा शेजारी कोण?"

"ओढ्याच्या खालच्या अंगाला, जांभूळशेत."

"आं?" आईने कपाळावर हात मारला. जांभूळशेत म्हणजे तिचं माहेर! तिथली टाकी तिचा भाऊ तुषारच सांभाळायचा. "अगं बाई! माहेराहून आजवर साड्या आणल्या, लोणची आणली, आता चिखल आणायचा!"

निघण्याआधी ती गल्ल्यागल्ल्यांतून फिरली. "मी सांगेपर्यंत कुणी फिनेलची बाटली उघडली, तर गाठ माझ्याशी आहे!" तिच्या तोंडून हे ऐकून लोक चाटच पडले. सरपंचांनी गावाचा बॅटरीवर चालणारा टेम्पो चालकासकट दिला. मागे तीन रिकामी पिंपं, आणि पिंपांच्या मधोमध दोरीने बांधलेला गडू. वैजू आईला चिकटून पुढे बसली.

जांभूळशेतला पोचेपर्यंत घरोघरी दिवे लागले होते. तुषारमामाने सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिचकावले.

"ताई, दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत. आईचा नियम. विसरलीस?"

"मला शिकवतोस होय रे? अडल्या बाईला आई कधी परत पाठवायची का? वाटीत हळदीची चिमूट टाकून द्यायची."

"बरं तर. आण गं हळद!" मामाने घरात हाक मारली.

"हळद नको!" पिंपांमधून गडू इतक्या जोरात ओरडला, की गोठ्यातली म्हैस दचकली. "क्षमा करा. पण हळदही जंतू मारते. आत्ताच एका संकटातून आलो आहोत."

मामा हसत सुटला. "मग काय टाकू, बाबा? नुसतं तर देता येत नाही."

"गूळ असेल तर टाका," गडू म्हणाला. "गूळ त्यांना आवडतो. वाटेत खायला होईल."

मग प्रत्येक पिंपात काळसर तपकिरी गाळ भरला गेला, आणि वैजूने आपल्या हाताने त्यात गुळाचा एकेक खडा सोडला. आई हात जोडून भावाला म्हणाली, "उपकार झाले रे."

"उपकार कसले? तुमचंच तुम्हाला. आमची टाकी नवी होती तेव्हा पहिलं पिंप या गडूनेच पाठवलं होतं. हे मूळचं भोकरवाडीचंच विरजण आहे."

वैजूने वळून पाहिलं. "गडू! तू आधी का नाही बोललास?"

"दिलेलं बोलून दाखवू नये, असं तुम्हीच मला शिकवलं आहे, वैजूताई."

येताना पिंपांची झाकणं उघडी ठेवली होती, कारण आतल्यांना हवा हवी. शिवाय गाळ सारखा ढवळायचा होता. गडूला दोनच हात. तेव्हा उरलेलं पिंप वाटभर कुणी ढवळावं? भोकरवाडीतल्या सगळ्यात टापटिपीच्या बाईने! टेम्पोत मागे बसून, हातात बांबू घेऊन, साडीवर शिंतोडे झेलत आई गाळ घुसळत होती आणि वैजू हसून हसून लोळत होती. आईही शेवटी हसायला लागली.

ब्लीचिंग पावडरीचा जोर हवेने आणि उन्हाने एव्हाना उतरला होता, उरलेलं फिनेल ताज्या पाण्याने धुवून निघालं होतं. गाळ टाकीत सोडला, बुडबुडे सुरू केले. पण दही काय घातल्याबरोबर लागतं? वैजू रोज भिंगाला डोळा लावायची. ठिपके दिसायचे, पुंजके जमायला लागले होते, तळ्याचा वासही कमी होत चालला होता. पण घंटाबाई काही दिसेना. आणि सोमवार उजाडला.

देशमाने मॅडमनी बाटली उजेडाकडे धरली. सगळं गाव श्वास रोखून उभं. पाणी आधीपेक्षा बरं होतं, पण गढूळच होतं.

"तुझी मोजणी काय सांगते?" मॅडमनी गडूला विचारलं.

"पाणी नियमाइतकं स्वच्छ झालेलं नाही," गडू म्हणाला.

वैजूला वाटलं, धावत जाऊन याच्या तोंडावर हात ठेवावा! एवढं एकदाच खोटं बोलला असता तर? पण गडूला तोंडही नव्हतं आणि खोटंही येत नव्हतं. मॅडमनी कुलूप बाहेर काढलं.

"मॅडम, एकदाच भिंगातून बघा ना," वैजू म्हणाली. "एकदाच."

तिने टाकीतून थेंब आणला. आधी स्वतः डोळा लावला. पुंजके... ठिपके... मोकळं पाणी... पुन्हा पुंजके. आणि एका पुंजक्याच्या आडून एक बारीक देठ स्प्रिंगसारखा आखडला, सुटला, आणि वर एक इवलीशी घंटा उमलली.

"घंटाबाई आली! आई, घंटाबाई आली गं!"

मॅडम वाकल्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या. उठल्या तेव्हा कुलूप परत पिशवीत गेलं होतं.

"आजारी माणसाने तोंडाने पेज मागितली, की घरच्यांना कळतं, आता उठेल. ही दिसली म्हणजे तुमची टाकी बरी होते आहे. अमावास्येपर्यंत वेळ देते. सांभाळा हिला."

वैजूने गडूच्या गोल पोटाला मिठी मारली. गडूने विचारलं, "पुढे काय झालं?"

"पुढे," वैजू डोळे पुसत म्हणाली, "तू राहिलास!"

अमावास्येआधीच तळं इतकं निवळलं, की पाण्यात कर्दळीची फुलं उलटी दिसू लागली. ग्रामसभेने ठरवलं की यापुढे जत्रेआधी घरं धुवायची ती रिठ्याने, शिकेकाईने आणि साध्या साबणाने, आणि फिनेल वापरायचं तर झाकणभरच. 'लखलख गल्ली'चं बक्षीसही आता वेगळ्या रीतीने द्यायचं ठरलं: गल्लीबरोबर टाकीतला थेंबही तपासायचा. आणि हो, भेळवाला परत आला.

एका संध्याकाळी वैजूला सोडून गडू पायरीशी उभा राहून हात हलवत होता. आई दारात आली.

"चाकं पूस आणि आत ये."

गडू जागीच थांबला. "उंबऱ्याच्या आत?"

"आत म्हणजे स्वयंपाकघरात. काम आहे."

आईने ओट्यावरची वाटी उचलली, दह्याचा कण पाण्यात कालवला आणि थेंब त्याच्या भिंगाखाली धरला. "मला बघायचंय."

तिने डोळा लावला. इवल्या काड्या, इवले मणी, जोडीजोडीने आणि माळा करून, असंख्य. थोड्या वेळाने तिने विचारलं, "हे... माझ्या आईने दिले होते, तेच का रे?"

गडू खोटं बोलत नसे. "तेच नाहीत. ते फार थोडा वेळ जगतात. पण त्यांच्याच लेकी. लेकींच्या लेकी. नाती, पणत्या, खापरपणत्या. मधे एकदाही साखळी तुटलेली नाही. तुम्ही तुटू दिली नाही."

आई भिंगापाशी तशीच वाकून राहिली. वैजूने मागून तिच्या कमरेला मिठी घातली. मग आईने पदराने डोळे कोरडे केले, बोट बुडवून दूध कोमट आहे ना ते पाहिलं, आणि चमचाभर विरजण अलगद आत सोडलं.

तेवढ्यात अंगणातून सरपंचांची हाक आली. "ऋतुजावहिनी, वरच्या माळवाडीची माणसं आली आहेत! त्यांची टाकी नवी आहे. गाळाचं एक पिंप मिळेल का, विचारताहेत."

आईने खिडकीतून बाहेर पाहिलं. दिवे लागायला लागले होते.

"देऊ की, हवं तेवढं देऊ!" ती म्हणाली. "फक्त वैजू, डब्यातला गूळ काढ."